नऊजण आणि एक बनाना बोट

"दहा माणसं? फक्त दहाच ना? अहो एझ्राकाका, दहा माणसं मी एका निरोपात गोळा करीन!"

मिल्का झिराडकर हे फोनवर इतक्या जोरात म्हणाली की ठाण्याच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. तिचा नाइलाज होता. एझ्राकाका एक्याऐंशी वर्षांचे, प्रार्थना सांगणारे हजान, आणि त्यांच्या उजव्या कानाने सेवानिवृत्ती घेऊन पंधरा वर्षं झाली होती.

"दहा पुरुष, मिल्का! आपले! तेरा वर्षांवरचे! नऊ असले आणि दहावा दारात चपला काढत असला, तरी मला थांबायला लागतं!"

"माहीत आहे काका. मी हायम सरांची मुलगी आहे."

आणि ते खरंच होतं. मिल्का एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. हाताखाली चाळीस हजार पुस्तकं, त्यातलं एकही कधी हरवलं नव्हतं. जिला चाळीस हजार पुस्तकं सांभाळता येतात, तिला दहा पुरुष जमवणं काय अवघड! असं तिला वाटलं. पुस्तकं आपणहून समुद्रावर जात नाहीत, हा मुद्दा त्या वेळी तिच्या लक्षात आला नाही.

तिचे वडील, हायम सर, जाऊन अकरा महिने होत आले होते. त्यांच्यासाठी म्हणायचा काद्दीश, म्हणजे आईवडील गेल्यावर अकरा महिने म्हणायची प्रार्थना, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये दर आठवड्याला चुलतभाऊ म्हणत होता. पण सरांनी शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. "ठाण्याला होईलच गं. एकदा माडवलीला. आपल्या शाळेत."

नागावच्या पुढचं, खाडीच्या तोंडाशी वसलेलं माडवली. तिथे सिनेगॉगच्या पडवीत भरणारी हिब्रू शाळा सरांनी अडतीस वर्षं चालवली. गाव तिला शनवारची शाळा म्हणायचं, कारण शनिवारी ती बंद असायची आणि रविवारी, अख्खा तालुका लोळत असताना, तिची घंटा वाजायची. आधी बाकं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मुलांनी भरलेली असत. मग एकेक घर इस्राएलला गेलं. रिकाम्या बाकांवर आगऱ्यांची, भंडाऱ्यांची, कोळ्यांची मुलं येऊन बसली. सरांनी त्यांनाही तेच शिकवलं: अडीचकी, व्याकरण, हिब्रू मुळाक्षरं. परिणामी बुधाजी म्हात्रे आजही भात झोडताना आलेफ-बेत म्हणतो आणि त्याच्या सुनेला वाटतं, सासऱ्याला काहीतरी झालंय.

अकरा महिने ज्या रविवारी पुरे होत होते, त्या रविवारच्या सूर्यास्तानंतर काद्दीश म्हणायची मुदत संपणार होती. म्हणजे संधी एकच.

'हायम सरांची पोरं' हा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप मिल्कानेच काढलेला. सभासद एकशे सत्त्याऐंशी. ती निरोप लिहायला बसली. पहिला मसुदा सरळ होता: 'दहा यहुदी पुरुष हवे आहेत, वय तेरा पूर्ण.' बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि तिथेच थबकलं. ग्रुपमध्ये बुधाजी होता. सरांना दफनभूमीत नेताना त्याने पूर्ण वाटभर खांदा बदलला नव्हता. बायजा कोळीण होती. दवाखान्यात रोज डबा आणायची, आणि त्यात कोलंबी चुकूनसुद्धा नाही, कारण पंख आणि खवलं असलेलीच मासळी सरांना चालते, हे तिला चौथीपासून पाठ. या माणसांना लिहायचं, तुम्ही या, पण मोजणीत नाही?

तिला ते लिहवेना. तीन तास खपून तिने दुसरा मसुदा केला. 'रविवारी सायंकाळी साडेचार वाजता कै. हायम सरांच्या स्मरणार्थ प्रार्थना. किमान दहाजणांची उपस्थिती अत्यावश्यक.' निर्दोष! कुणाचं मन दुखणार नाही! आणि एझ्राकाका धरून जे खरे हवेत त्या दहाजणांना तिने वेगवेगळे फोन केले. दहाही हो म्हणाले. मिल्का त्या रात्री अकरा महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

सकाळी उठून बघते तर ग्रुप पेटलेला.

नागावला होमस्टे चालवणाऱ्या निकेत पाटलाने लिहिलं होतं: 'किमान दहा??? सरांच्या नावाला दहा माणसं मिळत नाहीत, अशी वेळ आली आपल्यावर? लाज वाटली पाहिजे! मी शंभर आणतो!'

खाली एकशे चार अंगठे.

मिल्काने घाईघाईने फोन लावला. "अरे निकेत, तसं नाही रे. साधीच प्रार्थना आहे."

"ताई, तुम्ही आता काही बोलू नका. तुमचा स्वभाव आम्हाला माहितेय. तुम्ही कधी कुणाकडे काही मागणार नाही. स्नेहमेळावा करून टाकू! जेवण माझ्याकडे. टी-शर्ट छापायला दिलेत."

"टी-शर्ट?"

"सरांचा फोटो पुढून. मागून पाढे."

आता सांगायला हवं होतं. 'निकेत, मला शंभर नकोत, मला फक्त विशिष्ट दहा हवेत,' एवढंच वाक्य. तिच्या जिभेवर ते आलंही. पण पलीकडे निकेतचा आवाज भरून आला होता, आणि मिल्काला भरून आलेल्या आवाजाशी बोलता येत नसे. ती म्हणाली, "बरं."

वाचकहो, या 'बरं'नंतर गोष्टी माणसाच्या हातात राहत नाहीत.

रविवारी सकाळी सातलाच पहिली विकेट पडली. पनवेलचे रूबेनकाका विमानतळावरून बोलत होते. "मिल्का, अभिनंदन कर! इस्राएलला, अशदोदमध्ये, सुनेला पंधरा दिवस आधीच मुलगा झाला! मी निघालो. आता परत कशाला येतो, तिकडेच राहीन म्हणतो!"

मिल्काने अभिनंदन केलं. जगात एक यहुदी पुरुष वाढला होता. फक्त तो उपयोगी पडायला तेरा वर्षं होती, आणि तो चार हजार किलोमीटर लांब होता.

उरले नऊ. दहावा कुठून आणायचा, याचं उत्तर तिला माहीत होतं आणि तेच तिला नको होतं. माडवलीत आता एकच बेने इस्राएल घर उघडं होतं, आणि त्यात मोझेसकाका एकटे राहत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय एकोणऐंशी. सरांच्या माणसांत निरोप न मिळालेला हाच एक इसम, कारण मिल्कानेच त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं! रोज पहाटे चारला ते गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ, हसत राहा' पाठवायचे. सर गेल्याचा निरोप तिने ज्या पहाटे टाकला, त्याच्या बरोब्बर खाली गुलाब आला. हसत राहा! मिल्काने रडत रडत एक बटण दाबलं होतं.

दुपारी तीन वाजता ती त्यांच्या अंगणात उभी राहिली. काका झोपाळ्यावर. उठले नाहीत.

"तिकीट फाडल्यावर परत गाडीत चढवायला आलीस?"

"काका, माझं चुकलं."

"अगं, मी काय मुद्दाम केलं? चारला उठतो, फूल पाठवतो, मग चहा घेतो. तुझा निरोप चहा घेताना वाचला. कप हातातून पडला माझ्या. लिहायला गेलो, तर मी ग्रुपवर नाही! अकरा महिने मला वाटतंय, सर होते म्हणून मला ठेवलं होतं. सर गेले, मोझेसला काढलं."

मिल्का झोपाळ्याजवळच्या पायरीवर टेकली.

"काका, दहावे तुम्ही आहात. तुमच्याशिवाय बाबांचा काद्दीश होत नाही."

काकांनी झोपाळा थांबवला. "येतो. पण आधी ग्रुपवर घे."

"आत्ता?"

"आत्ता. बाहेरच्या माणसाने जायचं कसं?"

तिने फोन काढला. रेंज शून्य! काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या कंपनीची रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर, तीही पूर्वेकडे तोंड केलं तर. पन्नास वर्षांची, साडी नेसलेली ग्रंथपालबाई कठड्यावर चढून पूर्वेकडे फोन उंचावून उभी राहिली. खाली पाणी, वर माड. पाच मिनिटांनी काकांच्या खिशात टुंग वाजलं.

"आलो!" काका म्हणाले. आणि लगेच लिहायला बसले. एका बोटाने. 'सर्वांस नमस्कार. मी परत आलो आहे.'

"काका, चला ना!"

"थांब गं. कुणी उत्तर देतंय का बघू दे."

उत्तर आलं. एक नाही, चौदा. प्रत्येकाचे आभार मानून, इस्त्रीचा सदरा घालून काका निघाले तेव्हा साडेचार वाजले होते. पण निघाले! नऊ आणि एक, दहा!

सिनेगॉगच्या अंगणात सत्तर-ऐंशी माणसांची जत्रा होती. सगळ्यांच्या छातीवर सर. लहान मापाच्या शर्टात सर उभट दिसत होते, मोठ्या पोटांवर हसल्यासारखे. सगळ्यांनी डोक्यावर टोप्या घातल्या होत्या, कारण सरांच्या शाळेत उघड्या डोक्याने कुणी शिरायचं नाही. आगरी बायका मलिद्याचे, म्हणजे प्रार्थनेनंतर वाटायच्या गोड प्रसादाचे, पोहे भिजवत होत्या. बायजा त्यांच्यावर ओरडत होती, "अगो, खोबरं वरशी घालाचा! सरांनी काय शिकवलान तुमाला!"

एझ्राकाका दारात घड्याळ बघत होते. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, असा रिवाज. म्हणून ते दहा शब्दांचं एक वचन म्हणत, एकेका माणसावर बोट ठेवून एकेक शब्द. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली, मोझेसकाकांवर सहावा शब्द ठेवला, आणि बोट हवेत राहिलं.

"मिल्का, बाकीचे चार कुठे?"

"इथेच असतील. बुधाजी, बेंजामिनकाका कुठेत रे?"

बुधाजीने मोठ्या आनंदाने पश्चिमेकडे हात केला. "ते ना बाय? ते दर्यात हायत!"

"कुठे?"

"दर्यात! निकेतनं समद्यांना फुकट बनाना बोट दिलीय ना!"

झालं होतं असं. सरांचा एक नियम गावभर प्रसिद्ध होता: शाळा समुद्रापासून दोनशे पावलांवर, पण शाळेच्या दिवशी एकाही मुलाने पाण्याला पाय लावायचा नाही. अडतीस वर्षांत एकानेही लावला नव्हता. त्या दिवशी जेवणं झाल्यावर पासष्ट वर्षांचे बेंजामिनकाका, बँकेतून निवृत्त, निकेतला म्हणाले, "आज सर नाहीत!" आणि सगळ्यांच्या आधी ढसाढसा रडले. मग सगळ्यांच्या आधी बोटीवर बसले.

मिल्का धावत किनाऱ्यावर पोचली तेव्हा पिवळीधमक लांबलचक बोट लाटांवर उड्या मारत होती. बाजूला फलक बांधला होता: 'कै. हायम सर स्मृती जलविहार'. त्यावर एकामागे एक चार यहुदी पुरुष घट्ट मिठ्या मारून बसले होते. सहा वाजून सोळा मिनिटांनी सूर्य मावळणार होता, आणि तिच्या वडिलांच्या काद्दीशाचे चार दशांश नारिंगी जॅकेट घालून "अजून जोरात!" ओरडत होते.

"निकेत! त्यांना बाहेर काढ!"

"ताई, आता मज्जा येणार! शेवटी पलटी मारतात!"

"पलटी नको! निकेत, नको!"

निकेतने शिट्टी वाजवली. थांबा म्हणून वाजवली, असं तो अजूनही शपथेवर सांगतो. पण बोटवाल्याच्या लेखी शिट्टीचा अर्थ एकच होता. बोट गर्रकन वळली आणि चारही जण कमरेएवढ्या पाण्यात धपाधप पडले!

तिघे हसत उठले. चौथे उठले ते डावा खांदा उजव्या हाताने धरून.

"निखळला!" बेंजामिनकाका म्हणाले. मग शांतपणे, समोर सर उभे असल्यासारखं बघून म्हणाले, "सरांनी सांगितलं होतं."

निकेतने त्यांना जीपमध्ये घातलं आणि अलिबागच्या दवाखान्याकडे गाडी काढली. जीप वळताना काका खिडकीतून ओरडत होते, "मिल्का, मला मोज गं! मनाने मी तिथेच आहे!"

मिल्का उरलेल्या तिघांना पुढे घालून सिनेगॉगकडे निघाली. तिघेही अर्ध्या चड्डीत, निथळते. एझ्राकाकांनी दारातच अडवलं. "असे आत? नाही!" मग होमस्टेतून चादरी आल्या. तीन ज्येष्ठ नागरिक गुलाबी फुलांच्या चादरी कमरेला गुंडाळून रांगेत उभे राहिले. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

एझ्राकाकांनी पुन्हा बोट उचललं. एकेक शब्द, एकेक माणूस. अंगणातली जत्रा शांत झाली. सातवा शब्द पहिल्या चादरीवर, आठवा दुसरीवर, नववा तिसरीवर. बोट पुढे सरकलं आणि तिथे भिंत होती.

तेव्हा अंगणातल्या ऐंशी तोंडांतून दहावा शब्द आला. एका सुरात, खणखणीत. सर रोज वर्गात हजेरी अशीच घेत, शेवटचा शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचा. तोंडाची सवय, दुसरं काही नाही. म्हणून झाल्यावर सगळे दचकले. शब्द पुरा झाला होता. माणूस नव्हता.

"एक कमी आहे," एझ्राकाका म्हणाले. "सुरू करता येत नाही."

मग सगळ्यांना खरा प्रकार कळला. तिच्या निरोपातले दहा म्हणजे नक्की कोणते दहा, हे तीन आठवड्यांनी, सूर्यास्ताला सव्वीस मिनिटं असताना, ऐंशी माणसांना एकदम कळलं. कुणाचंही मन दुखलं नाही. उलट सगळे तिच्यावर उखडले!

"मग सांगाचा नाय आधी? मी बोरिवलीशी चार आणले असते धरून!" बुधाजी म्हणाला. "एझ्राकाका, मी होतो तुमच्यातला. आत्ताच. काय करावा लागतं?"

"वर्ष जातं रे बाबा. आणि जे करावं लागतं ते तुला झेपायचं नाही."

"सरांसाठी झेपवतो ना!"

त्याला कानात कुणीतरी सविस्तर सांगितलं. बुधाजी खाली बसला.

"फोनवरून बेंजामिनला धरा," कुणी म्हणालं.

"फोनवरचा माणूस मोजत नाहीत."

"आणि बाया?" बायजा कमरेवर हात ठेवून पुढे आली. "हितं चाळीस बाया हाव. चाळीस मिळून एक पुरुष धरा! न्हाय होत तरी?"

एझ्राकाका वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बायजा, माझ्या हातात असतं तर मी तुझ्या एकटीचे तीन धरले असते."

मिल्का खांबाला टेकून उभी होती. एझ्राकाका आणि चुलतभाऊ सोडले, तर तिथल्या नऊजणांपैकी एकालाही काद्दीश पुस्तकात बघितल्याशिवाय म्हणता येत नव्हता. तिला तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत पाठ होता. सातव्या वर्षी बाबांनीच याच पडवीत शिकवला होता, गंमत म्हणून. पदर खांद्यावरून घेऊन तिने पश्चिमेच्या खिडकीकडे पाहिलं.

अलिबागहून निकेतचा फोन आला. खांदा बसला होता, पण डॉक्टर सोडत नव्हते. बेंजामिनकाका पळून जायचा प्रयत्न करताना जिन्यात सापडले होते.

सूर्य सहा सोळाला बुडाला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. एझ्राकाकांनी पुस्तक मिटलं, त्यावर ओठ टेकवले आणि म्हणाले, "मिल्का, पोरी, मी खूप हळू मोजलं गं."

मग मलिदा वाटला गेला. करणार काय! पोहे भिजले होते. मंडळी खाली मान घालून जेवली. जाताना प्रत्येकजण तिला म्हणाला, पुढच्या वेळी नीट सांग. साडेसात वाजेपर्यंत अंगण रिकामं झालं. पायरीवर मिल्का आणि मोझेसकाका उरले. काका चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. निकेतने मेळाव्यासाठी आणलेल्या वाय-फायच्या डबीवर ग्रुप छान चालत होता.

"एकशे बारा मेसेज आलेत! बघ, कुणीतरी चादरीतला फोटो टाकलाय. सगळे म्हणतायत, मेळावा दरवर्षी करू या."

"छान."

"काद्दीशाबद्दल कुणी काही लिहिलं नाही. म्हणजे तुला वाईट वाटू नये म्हणून."

"कळलं, काका."

"तुझ्यावरच गेलीत सगळी. सभ्य!"

समुद्राचा आवाज येत होता. काकांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "मिल्का, माझ्या वेळेला निरोप तूच लिहिणार ना? मला दुसरं कोण आहे?"

"काका, असं नका बोलू."

"बोलायला काय झालं? फक्त तो 'अत्यावश्यक' वगैरे लिहू नको. सरळ लिही: पुरुष हवेत, आपले, तेरा वर्षांवरचे, कोरडे. आणि एक जास्तीचा आत्तापासून बघून ठेव."

"जास्तीचा कशाला?"

"अगं, त्या दिवशी मी मोजणीत नसणार!"

आणि काका एसटी कंडक्टरसारखे खदाखदा हसले. मिल्काही हसली. हसता हसता तिने मनातल्या मनात बोट उचललं, काकांना वगळलं आणि पुन्हा एकेकावर शब्द ठेवत गेली. बेंजामिनकाकांचा खांदा बरा झाला, तरी नऊच.